मॅडम, इंग्लिशमध्ये इंटरेस्टच येत नाय
"क्लास लावला, ॲप टाकलं, आठ दिवसात सगळं बंद. इंटरेस्टच येत नाय बघा मॅडम." सोलापुरात कॉलेजच्या पोरांकडून हे मी कितीदा ऐकलंय, आणि आईवडील पण हेच विचारतात की याला इंग्लिशची गोडी लावायची कशी.

एका मुलाचं सांगते, नाव नको. एस.वाय.बी.कॉम.ला, राहायला पूर्व भागात, घरी तेलुगू, वडील चादरीच्या कारखान्यात मागावर, आई विड्या वळते. म्हणाला माझा बेसच कच्चा आहे. आता आपल्याकडे २००० सालापासून इंग्लिश पहिलीपासूनच आहे, म्हणजे बारा-तेरा वर्षं शिकला होताच की, पण त्यातून पक्कं डोक्यात काय बसलं तर आपण तोंड उघडलं की वर्ग हसतो. हेही पूर्वज्ञानच, म्हणजे आधीपासून डोक्यात बसलेलं, आणि इंग्लिशचं पुस्तक उघडलं की सगळ्यात आधी तेच जागं होतं!

त्याच्या क्लासच्या पुस्तकात एअरपोर्टवरचे संवाद होते. विमानतळ त्यानं बघितलेला नाही, म्हणजे शब्द पण नवे आणि गोष्ट पण नवी.

मी त्याला जेकार्ड मागावरचा, म्हणजे भोकं पाडलेल्या कार्डांवरून कापडात नक्षी विणणाऱ्या मागावरचा, एक इंग्लिश पॅरा दिला. हूक, नीडल, कार्ड, लिफ्ट असलं सगळं. मलाच तो धड कळला नव्हता, हा दोनदा वाचून उठला आणि हातानं दाखवायला लागला, "कार्डला भोक असलं की हूक वर जातो, ताण्याचा, म्हणजे उभा धागा उचलतो, नसलं की खालीच राहतो, म्हणून तर चादरीवर फूल येतं मॅडम." वार्प म्हणजे ताणा हे त्यानं डिक्शनरी न बघता ओळखलं. शिकणाऱ्याला आधीच काय येतं यावर पुढचं शिकणं सगळ्यात जास्त अवलंबून असतं, हे डेव्हिड ऑझुबेल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९६८ मध्येच मांडलंय, मला ते त्या दिवशी डोळ्यांनी दिसलं.

मग आम्ही तिथूनच पुढे गेलो. टॉवेलवरची लेबलं, मग ऑर्डरचे मेल, मग कॉमर्सच्या पुस्तकातली पत्रं. बोलायला अजून अडखळतो, त्याला वेळ लागणारच. पण पालकांनो, क्लासची फी भरायच्या आधी पोराला कशातलं काय कळतं ते एकदा विचारा, तेलुगू घरात, मराठी शाळेत, हिंदी गल्लीत असं तीन भाषा शिकलेल्या पोराला भाषा जमत नाही असं कसं म्हणता हो.

परवा आला तेव्हा त्यानं विचारलं, "मॅडम, एक हूक असला की लिफ्ट्स आणि दोन असले की लिफ्ट, असं उलटं का?" व्याकरणाचं त्यानं आपणहून विचारलेलं हे पहिलंच.