दुर्बीण आधी, कॅमेरा नंतर

पक्षी पाहायला नुकती सुरुवात करताय? कॅमेऱ्याची घाई करू नका. आधी ८×४२ ची दुर्बीण घ्या. पक्षी आठ पट मोठा दिसतो आणि ४२ मिलिमीटरच्या भिंगांमुळे पहाटेच्या अंधुक उजेडातही भागतं. दहा पटीच्या दुर्बिणीत नवख्या हातांना चित्र फार हलतं. पक्षी दिसला की नजर त्याच्यावरून काढू नका, तशीच दुर्बीण डोळ्यांना लावा.

उजनी धरणाच्या पाण्याकाठच्या भिगवणला रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, पाहायला हिवाळ्यात जरूर जा. पण त्याआधी घराजवळची एखादी जागा धरा, तळं किंवा टेकडी, आणि तिथेच पुन्हा पुन्हा जा. बुलबुल, दयाळ, कोतवाल, शिंजीर एवढेच नीट पाहा. आकार चिमणीएवढा, साळुंकीएवढा की कावळ्याएवढा? चोच कशी? शेपटीचं काय करतो? धोबी ती सारखी खालीवर हलवतो, नाचण पंख्यासारखी पसरतो. रंग दिसायच्या आधीच ओळख पटते! तांबट तर बहुतेकदा आधी ऐकूच येतो, उंच फांदीवरून एका लयीत टुक-टुक-टुक. नोंद जागेवरच करा, घरी येऊन आठवून नको.

एका बाबतीत मात्र मी कडक आहे. घरट्यापाशी फांद्या बाजूला सारून फोटो काढू नका. पानांचा आडोसा गेला की ऊन आणि कावळे दोन्ही पिल्लांपर्यंत पोचतात. मोबाइलवर आवाज वाजवून पक्ष्याला बोलावणंही नको. आपल्या हद्दीत दुसरा शिरला असं वाटून तो पिल्लांना भरवायचं सोडून भांडायला येतो. आणि भिगवणला नावेत बसण्यापूर्वीच नावाड्याला सांगा, थवा उडवायचा नाही, लांबच थांबायचं.