निकाल उलटसुलट, मग धरायचं कुणाचं?

प्रश्न : समस्याधारित अध्ययनावर, म्हणजे निव्वळ व्याख्यानाऐवजी समस्या सोडवत शिकण्यावर, प्रबंध लिहितेय. काही अभ्यास म्हणतात फायदा होतो, काही म्हणतात नाही. दोन्हीकडचे मोजून बहुमत सांगितलं तर चालेल का?

उत्तर : नाही चालणार, ताई. मतमोजणीत तीस विद्यार्थ्यांचा अभ्यास आणि तीनशेंचा अभ्यास, दोघांना एकच मत! शिवाय ‘फरक आढळला नाही’ याचा अर्थ पुष्कळदा एवढाच, की नमुना लहान होता.

त्याऐवजी प्रत्येक अभ्यासाचा परिणाम-आकार काढा, म्हणजे दोन गटांतला फरक गुणांच्या पसरटपणाच्या तुलनेत किती मोठा, ते. समजा, या पद्धतीने शिकलेल्या गटाची सरासरी ६२, दुसऱ्याची ५८ आणि प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) ८. तर फरक ४ भागिले ८, आकार ०.५. मग मोठ्या अभ्यासांना जास्त भार देऊन हे आकडे एकत्र करायचे. गणित सॉफ्टवेअर करतं, त्याची धास्ती नको.

खरी मेख आहे ती परीक्षेत काय मोजलं यात. डॉची आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ४३ अभ्यास एकत्र केले. ज्ञान वापरण्याच्या कौशल्यात ही पद्धत स्पष्ट पुढे होती, निव्वळ माहितीत मात्र किंचित मागे. स्ट्रोबेल आणि व्हॅन बार्नेव्हेल्ड यांनी २००९ मध्ये अशी मेटा-विश्लेषणंच (अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करणारी विश्लेषणं) एकमेकांशेजारी ठेवली, तर दीर्घकाळ लक्षात राहण्यात तीच सरस. हे सगळं एकाच सरासरीत कोंबलंत, तर हाती शून्याच्या आसपासचा निरुपयोगी आकडा येऊ शकतो. म्हणून तक्त्यात ‘काय मोजलं’ आणि ‘केव्हा मोजलं’ असे दोन रकाने आधी आखा.

आणि प्रत्येक अभ्यासातला कार्यपद्धतीचा भाग नीट वाचा. व्याख्यानाच्या शेवटी एक केस (उदाहरणादाखल प्रकरण) चिकटवून तिलाही समस्याधारित अध्ययन हेच नाव देणारे कमी नाहीत. असे अभ्यास वेगळे काढा आणि का काढले ते लिहा.