तंबाखूच्या पिपाचं दाबयंत्र: पहिलं मॉडेल करताना

अठराव्या शतकात अमेरिकेतल्या व्हर्जिनियात तंबाखू पिपात दाबून भरायचे, त्या दाबयंत्राचं मॉडेल करताय, विषय झकास निवडलात! फक्त स्क्रूच्या दाबयंत्राला आत्ताच हात घालू नका, आटे पाडण्यातच जीव जातो. आधी तरफेचं करा: भक्कम खांब, त्याच्या खाचेत अडकवलेला लांब वासा, दुसऱ्या टोकाला दगडांचं ओझं, मध्ये पीप. बस्स.

हमखास चुकतं ते इथे:

- पीप फार लहान करतात. खरं पीप साधारण ४ फूट उंच, भरल्यावर हजार पौंडांच्या घरात.
- तंबाखू एकदम कोंबलेली दाखवतात. थर रचायचा, दाबायचा, पुन्हा रचायचा. पानं मऊसर, किंचित दमट. कोरडी असली तर चुरा, ओली असली तर बुरशी.

१७३० च्या तंबाखू तपासणी कायद्यानंतरचे पिपांवरचे गोदामाचे शिक्के वगैरे नंतर बघू. आधी वासा न डुगडुगता बसवा.