वाचकांचे प्रश्न : लाळेची नळी आणि नात्यांचा गुंता

हौसेने डीएनए चाचणी केली. पुण्यातले एक अनोळखी गृहस्थ ४३० सेंटीमॉर्गनने जुळले आणि कंपनीने ते 'चुलत किंवा मावस भाऊ' असावेत असं लिहिलं. घरात त्यांना कुणी ओळखत नाही. आमची आजी म्हणजे आजोबांच्या सख्ख्या मामांची मुलगी. काही भानगड तर नसेल? (तासगाव)

भानगडीच्या आधी ते मामा बघा. दोघांत सारख्या निघालेल्या डीएनएच्या तुकड्यांची लांबी सेंटीमॉर्गनमध्ये मोजून तिची बेरीज करतात. सख्ख्या चुलत-मावस भावाशी ती सरासरी ८५०च्या पुढे जाते. वडिलांच्या चुलतभावाशी सुमारे ४३०, आणि त्याच्या मुलाशी, म्हणजे तुमचे पणजोबा-पणजी एक असतील तर, सुमारे २३०. पण हे हिशेब नातं एकाच बाजूने लागतं असं धरून केलेले. गृहस्थ आजोबांच्या भावाचे नातू असतील, तर तुमच्या आजीकडूनही ते नात्यातलेच. त्या वाटेने सरासरी ७० आणखी. त्यांच्या घरीही मामाची मुलगी केली असेल तर बेरीज अजून फुगते. शिवाय सरासरीच्या दोन्ही बाजूंना आकडा बराच हलतो.

बारीक तुकडे पुष्कळ आणि सर्वांत लांब तुकडा आखूडच असेल, तर जुन्या नात्यांची सरमिसळ समजा. मग आत्याची चाचणी करा. तिच्याशी जुळणी दुपटीच्या आसपास निघाली तर ते वडिलांकडचे. गावात हेळवी (पिढ्यांच्या वंशावळी लिहून ठेवणारा) आला की त्याच्या वहीतून भावकीच्या शाखा उतरवून घ्या. लेकी कुठे दिल्या, हे म्हाताऱ्यांना विचारून बाजूला लिहा. असं कोडं बहुतेक वेळा कागदावरच सुटतं.

आईला ४२व्या वर्षी स्तनाचा कर्करोग झाला. माझ्या घरगुती किटमध्ये बीआरसीए 'आढळला नाही'. आता निर्धास्त राहू? (कराड)

मुळीच नाही. बीआरसीए म्हणजे बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ ही दोन जनुकं; ती बिघडली की स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. त्यांत घातक ठरलेले हजारो बदल माहीत आहेत. घरगुती चाचणी त्यातल्या निवडक जागाच तपासते. ट्वेंटीथ्री-अँड-मी कंपनीला अमेरिकेत २०१८ साली परवानगी मिळाली ती फक्त ३ बदलांसाठी, आणि ते मुख्यतः अश्केनाझी, म्हणजे युरोपातल्या वंशाच्या, ज्यूंमध्ये आढळणारे. २०२३मध्ये यादी ४४वर गेली, तरी सांगली-साताऱ्याच्या घराण्यातला बदल त्यात असेलच असं नाही.

आई हयात असेल तर आधी तिचं रक्त द्या, आणि दोन्ही जनुकं पूर्ण वाचणारी तपासणी मागा. तिच्यात बदल सापडला तर तुमची तपासणी नेमक्या त्याच जागेची होते आणि तेव्हाच 'नाही' या उत्तराला वजन येतं. कर्करोगतज्ज्ञाकडून जनुकीय समुपदेशकाची चिठ्ठी घ्या. किटचा कच्चा डेटा भलत्याच संकेतस्थळावर टाकून घाबरू नका. त्यात खोटे 'सापडले' बरेच निघतात.

डीएनए किटसाठी दिलेला सासूबाईंचा लाळेचा नमुना दोनदा नापास झाला. (विटा)

मिसरी लावतात का? लाळ देण्याआधी अर्धा तास मिसरी, तंबाखू, चहा, पाणीसुद्धा बंद. गाल बाहेरून चोळले की लाळ सुटते. रेघेपर्यंत लाळ हवी, वरचा फेस धरू नका. झाकणातलं द्रव पूर्ण उतरल्यावर नळी हलवा. तोंड कोरडंच पडत असेल तर गालाच्या आतून बोळा फिरवायचं किट मागवा.