येऊरच्या वानरांना बिस्किटं द्यावीत का?

प्रश्न : रोज सकाळी ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात फिरायला जातो. काळ्या तोंडाची वानरं माझ्या हातून बिस्किटं घेतात. नात म्हणते, त्यांचं पोट बिघडतं. खरं का? – एक आजोबा, वर्तकनगर

उत्तर : आजोबा, नातीचं ऐका. वानराचं पोट गाईसारखं कप्प्याकप्प्यांचं असतं. पाला तिथे जिवाणू आंबवतात, आणि त्यातून निघणाऱ्या आम्लांवर वानराचं पोषण होतं. बिस्किटातली साखर मात्र भराभर आंबते, आम्ल नको इतकं वाढतं आणि पाला पचवणारे जिवाणूच मागे पडतात. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात प्राणिसंग्रहालयातल्या डूक आणि हाउलर या पाला खाणाऱ्या माकडांच्या आतड्यांतले मूळचे बरेच जिवाणू नाहीसे झालेले दिसले. त्यांच्या जागी माणसाच्या आतड्यांत असतात तसे प्रिव्होटेला आणि बॅक्टेरॉइड्स हे जिवाणू वाढले होते. आहारात चोथा कमी, पानांचे प्रकारही कमी, हे त्याचं एक मोठं कारण.

गेल्या उन्हाळ्यात येऊरलाच एका उंबराखाली मी तासभर उभी होते. वर एक मादी कोवळी पानं खुडायची, देठ टाकून द्यायची, आणि पिल्लू तिच्या तोंडाशी नाक नेऊन वास घ्यायचं. तेवढ्यात कुणीतरी क्रीमच्या बिस्किटांचा पुडा फोडला. हातातली डहाळी टाकून ती खाली उतरली, मागोमाग पिल्लूही. फार वाईट वाटलं मला. तुम्ही जरूर जा, पण रिकाम्या हाताने. नातीलाही न्या, आणि वर बघा.