गोल्डफिश वारंवार आजारी पडतो? आधी पाणी बघा

प्रश्न : आमच्याकडे नळाला आठवड्यातून एकदाच पाणी येतं. त्या दिवशी मी माशाचं काचेचं भांडं रिकामं करून साबणाने घासते आणि ताजं पाणी भरते. तरी तीन-चार दिवसांत मासा तळाशी बसतो, परांच्या कडा लाल होतात. दुकानातले निळे थेंब तीनदा टाकून झाले. (लातूर)

ताई, तुम्ही काळजी घेण्यात कुठेच कमी पडत नाही. नडतंय ते घासणं. मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया सोडतो. तो पचवणारे जिवाणू भांड्याच्या काचेवर, खड्यांवर, फिल्टरच्या स्पंजमध्ये वस्ती करतात. ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात आणि तुमच्याकडे ती दर आठवड्याला धुऊन जाते. निळं औषध, म्हणजे मिथिलिन ब्लू, उरलेसुरले जिवाणूही मारतं. मग अमोनिया साचतो, कल्ले भाजतात, पर लाल होतात. पाणी जितकं गरम आणि अल्कधर्मी, तितका हा अमोनिया अधिक विषारी. त्यामुळे बोअरचं जड पाणी वापरत असाल तर उन्हाळ्यात जास्तच जपा.

औषध बंद करा. ७०-८० लिटरची टाकी आणि साधा स्पंज फिल्टर घ्या. तोवर भांड्यातलं चौथाई पाणी रोज बदला. टाकीत जिवाणूंची वस्ती बसली की आठवड्याला वीस लिटर बदललं तरी पुरे. नवं पाणी २४ तास उघड्या बादलीत ठेवा, म्हणजे पाणी शुद्ध करायला टाकलेल्या टीसीएल पावडरचा क्लोरीन उडून जातो. घाई असेल तर अँटिक्लोरीन, म्हणजे क्लोरीन मारणारं औषध, घाला. स्पंज नळाखाली धरू नका, टाकीतून काढलेल्या पाण्यातच दोनदा पिळा. ते पाणी नंतर तुळशीला घाला. २०१६ मध्ये ज्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे पाणी फेका असं मी कसं सांगेन?

प्रश्न : माशाच्या गालांवर पांढरे ठिपके आहेत. पांढऱ्या ठिपक्यांचं औषध तीन वेळा केलं, जात नाहीत. खातो मात्र भरपूर. (नांदेड)

मोबाइलचा टॉर्च लावून बाजूने नीट पाहा. ठिपके फक्त कल्ल्यांच्या झाकणावर आणि पुढच्या परांच्या पहिल्या जाड काडीवर ओळीने असतील, तर तो आजार नव्हे. तुमचा मासा नर आहे आणि वयात आला आहे. हे ठिपके विणीच्या काळात येतात, आपोआप जातात. निरोगी जिवाला तीनदा औषध सोसावं लागलं याचं मला खरंच वाईट वाटतं. खरा रोग असेल तर शेपटीसकट अंगभर रवा भुरभुरल्यासारखं दिसतं आणि मासा खड्यांवर अंग घासतो. हा रोग माशाच्या अंगावर जगणाऱ्या परजीवीमुळे होतो आणि औषध त्या परजीवीवर तो पाण्यात मोकळा असतानाच चालतं. म्हणून ठिपके दिसेनासे झाले तरी मधेच सोडायचं नाही, पाकिटावरचे सगळे दिवस पूर्ण करायचे.

प्रश्न : ओरांडा खाल्ल्यावर उलटा होऊन वर तरंगतो. (बीड)

ओरांडा हा गोल्डफिशचाच एक प्रकार. गोलमटोल अंगामुळे त्याची आतडी दाटीत असतात. दोन दिवस उपास, मग उकडून साल काढलेला मटाराचा अर्धा दाणा. पुढे तरंगणारं खाद्य बंद, बुडणारे दाणे भिजवून द्या. पण वरून पाहताना खवले उभे राहून मासा सीताफळासारखा दिसला, तर ते बद्धकोष्ठ नाही, जलोदर आहे. तेव्हा घरगुती उपाय करत बसू नका, त्याच दिवशी मासे पाहणाऱ्या पशुवैद्यांना फोन करा. उशीर झाला की फारसे मासे वाचत नाहीत.

प्रश्न : मे महिन्यात लाइट गेली की मासे वर येऊन तोंड उघडतात. बर्फ टाकू का? (जालना)

नको, एकदम गारठा त्यांना सोसत नाही. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसातच. त्यात हवेचा पंप बंद. बॅटरीवरचा पंप घेऊन ठेवा. तो येईपर्यंत टाकीतलंच पाणी मगमध्ये घेऊन वीतभर उंचावरून परत ओतत राहा, काचेभोवती ओलं फडकं गुंडाळा आणि लाइट येईपर्यंत खायला देऊ नका.