स्टुडिओतील उत्तम रेकॉर्डिंग उपलब्ध असताना मार्क नॉफ्लरचे चाहते लाइव्ह अल्बमच का ऐकतात?

डायर स्ट्रेट्स या ब्रिटिश रॉक बँडची गाणी स्टुडिओत इतक्या निगुतीने मुद्रित झालेली असताना त्या बँडचा गायक-गिटारवादक मार्क नॉफ्लर याचे चाहते त्याच गाण्यांच्या मैफलींतील आवृत्त्या का जमवत बसतात, आणि नव्याने ऐकणाऱ्याने त्यांत नेमके काय शोधावे, असे आपण विचारले आहे. मी पुण्यात राहतो आणि गेली सुमारे तीस वर्षे हे संगीत ऐकतो आहे. चाहत्यांची कारणे अनेक असतील; मी माझे सांगतो. ते एकाच गोष्टीपाशी येऊन थांबते, आणि ती म्हणजे गाण्याचा शेवट.

‘सुल्तान्स ऑफ स्विंग’ हे या बँडच्या १९७८ सालच्या पहिल्या अल्बममधले गाणे आपण ऐकले असेलच. ते जेमतेम पावणेसहा मिनिटांचे आहे. सगळी कडवी झाल्यावर गिटारचे अखेरचे वादन सुरू होते, ते खऱ्या अर्थाने रंगू लागते आणि नेमक्या त्याच वेळी आवाज हळूहळू खाली जात नाहीसा होतो. १९८२ सालचे ‘टेलिग्राफ रोड’ चौदा मिनिटांहून मोठे आहे, पण त्याचाही शेवट तसाच आहे. गिटार पूर्ण भरात असताना ध्वनिमुद्रकाने आवाज हळूहळू खाली ओढून नाहीसा केलेला आहे. स्टुडिओत हे चालते, कारण तिथे गाणे संपवण्याची जबाबदारी यंत्रावर टाकता येते. हजारो लोकांसमोर उभ्या असलेल्या वादकाला ती सोय नसते. त्याला स्वतःच्या हातांनी शेवट रचावा लागतो, आणि तो इतर चार-पाच वादकांना बरोबर घेऊन रचावा लागतो. आपल्याकडे तिहाई घेऊन समेवर येण्याची वाट पाहत बसलेल्या श्रोत्याला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. आवाज विरत जाणाऱ्या गाण्याला सम नसते. माझ्यासारख्या, सवाई गंधर्व महोत्सवाला लहानपणापासून वडिलांबरोबर जाणाऱ्या माणसाला ती उणीव पहिल्यापासून टोचत होती, फक्त ती कसली आहे हे कळायला बराच काळ जावा लागला.

त्या काळाची हकीकत सांगितल्याशिवाय पुढचे मला नीट सांगता येणार नाही. १९९६ साली मी महाविद्यालयात होतो आणि कॅम्पातल्या एका दुकानात सीडीवरून कॅसेट भरून मिळत असे. तिथे मी ‘अल्केमी’ भरून घेतला. लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियन या सभागृहात २२ आणि २३ जुलै १९८३ रोजी झालेल्या कार्यक्रमांचा हा अल्बम १९८४ साली प्रसिद्ध झाला. सीडीवर तो दोन भागांत आहे आणि पहिला भाग सुमारे एकोणपन्नास मिनिटांचा आहे. नव्वद मिनिटांच्या कॅसेटच्या एका बाजूला पंचेचाळीस मिनिटे मावतात, आणि पहिल्या भागातले शेवटचे गाणे म्हणजे ‘सुल्तान्स ऑफ स्विंग’, जे इथे जवळजवळ अकरा मिनिटे चालते. परिणाम असा झाला की शेवटचे कडवे संपून गिटार मोकळी होते न होते तोच माझी कॅसेट थांबत असे. पुढचे काय, ते मला ठाऊक नव्हते. स्टुडिओतली आवृत्ती विरून जाणारी, माझी कॅसेट तुटणारी. अशा रीतीने दोन वर्षे मी हे गाणे शेकडो वेळा ऐकले आणि ते संपताना एकदाही ऐकले नाही.

पुढे एका मित्राच्या थोरल्या भावाने दोन्ही सीडी विकत आणल्या आणि आम्ही एरंडवण्यात त्यांच्या घरी जाऊन ऐकायला बसलो. जिथे माझी कॅसेट थांबत असे ती जागा आली आणि गेली. पुढे जे घडले ते मला अजूनही जसेच्या तसे आठवते. गिटारचा जोर वाढत जाईल अशी माझी अपेक्षा होती, पण सगळा बँड एकदम खाली उतरला. टेरी विल्यम्सचा ड्रम, जो तोवर गाण्याला अक्षरशः पळवत होता, दबक्या पावलांनी चालू लागला, अ‍ॅलन क्लार्कचे कीबोर्ड मागे पसरून राहिले आणि नॉफ्लर अगदी मोजके, सुटे सुटे स्वर टाकू लागला. आपल्याकडे बढत म्हणतात ती हीच. त्या शांततेतून तो सगळ्यांना हळूहळू वर घेऊन जातो, आणि मग सर्वांनी मिळून घेतलेला असा शेवट येतो की त्यानंतर काही वाजवणे शक्यच नाही. या गाण्याची मूळ कल्पना लक्षात घेतली तर त्या शेवटाचे मोल आणखी वाढते. पबमध्ये, फारसे कोणी लक्ष देत नसताना, आपल्या आनंदासाठी जॅझ वाजवणाऱ्या एका साध्या बँडचे हे गाणे आहे, आणि शेवटच्या कडव्यात त्यांचा गायक माइकपाशी येऊन कार्यक्रम संपल्याचे सांगून निरोप घेतो. म्हणजे गाण्याचा विषयच एक मैफल आणि तिची अखेर हा आहे. ते विरून जाणे मला तेव्हापासून अपुरे वाटते.

याचा अर्थ स्टुडिओतली आवृत्ती कमी दर्जाची आहे असा नाही. तिथे ड्रमवर पिक विदर्स आहे, आणि त्याच्या हातात जो हलका, तोललेला झोका आहे तो विल्यम्सच्या वादनात नाही. मूळ गाण्याचे संभाषणासारखे रूप ज्यांना प्रिय आहे त्यांना ‘अल्केमी’ घाईचा वाटतो, आणि त्यांचे म्हणणे मला पटते. अशा श्रोत्यांसाठी ‘लाइव्ह अ‍ॅट द बीबीसी’ हा अल्बम आहे. तो १९९५ साली प्रसिद्ध झाला असला तरी त्यातील बहुतेक मुद्रण १९७८ सालचे आहे. मार्क, त्याचा भाऊ डेव्हिड, बेसवर जॉन इलस्ली आणि ड्रमवर विदर्स, असे चौघेच जण वाजवत आहेत. अकरा मिनिटांचा तो मोठा शेवट अजून कोणाच्या मनातही आलेला नाही. १९७८ आणि १९८३ ही दोन्ही रूपे एकापाठोपाठ ऐकली, तर पाच वर्षांत एक बंदिश कशी वाढली हे कोणत्याही लेखापेक्षा अधिक स्पष्टपणे कळते. एकाच गाण्याच्या पाच आवृत्त्या जमवण्यामागे हीच ओढ असते. या पुण्यात खासगी मैफलींची ध्वनिमुद्रणे हातोहात फिरत आली आहेत, आणि एकाच रागाची, एकाच गायकाची वेगवेगळ्या वर्षांतली मुद्रणे कोणी जपून ठेवली तर त्याला आपण विक्षिप्त म्हणत नाही, जाणकार म्हणतो.

आणखी एक गोष्ट लाइव्ह मुद्रणात अधिक ऐकू येते, ती म्हणजे नॉफ्लरचा उजवा हात. तो मूळचा डावखुरा असून उजव्या हाताने वाजवतो, आणि पिक, म्हणजे तारा छेडण्याची छोटी चकती, न घेता थेट अंगठा व बोटांनी तारा छेडतो. त्यामुळे प्रत्येक स्वराचे वजन निराळे असते. एखादा स्वर बोटाने नुसता कुरवाळलेला असतो, तर पुढचा तार ओढून सोडल्यामुळे फटकारल्यासारखा येतो. मैफलीत तो बँडच्या आवाजाप्रमाणे हे वजन क्षणाक्षणाला बदलत असतो. ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ची ‘अल्केमी’वरील आवृत्ती या दृष्टीने जरूर ऐकावी.

२००५ सालच्या मार्चमध्ये तो मुंबईत वाजवायला आला तेव्हा आम्ही पाच जणांनी भाड्याने सुमो केली आणि दुपारीच पुण्याहून निघालो. दोन वर्षांपूर्वी, मार्च २००३ मध्ये, लंडनमध्ये मोटारसायकलच्या अपघातात त्याचे कॉलरबोन आणि बरगड्या मोडल्या होत्या, दौरा रद्द झाला होता आणि कित्येक महिने त्याला गिटार धरता येत नव्हती. त्यामुळे तो आता कसा वाजवेल याची आम्हा सगळ्यांना खरीखुरी काळजी होती. पहिल्या दहा मिनिटांतच ती मिटली. माझ्या शेजारी ठाण्याहून आलेले पन्नाशीचे एक गृहस्थ पत्नीसह उभे होते. त्यांना गाण्यांचे शब्द फारसे येत नव्हते, पण गिटारच्या प्रत्येक जागेआधी ते ती जागा गुणगुणत होते, आणि नीट लक्ष दिल्यावर कळले की आजूबाजूचे अनेकजण तेच करत आहेत. शब्दांऐवजी वाद्याचे स्वर एकत्र गाणारा श्रोतृवर्ग मी त्यापूर्वी पाहिला नव्हता. ‘टेलिग्राफ रोड’ सुरू झाले तेव्हा ते गृहस्थ माझ्याकडे वळून म्हणाले, “आता घाई नाही, हे शेवटपर्यंत नेतील.” आणि त्याने ते खरोखर शेवटपर्यंत नेले. रेकॉर्डवर जिथे आवाज खाली ओढलेला आहे ती जागा ओलांडून गिटार पुढे जाताना मी समोर पाहत होतो, आणि माझ्या डोळ्यांत पाणी होते.

इतर अल्बमविषयी थोडक्यात सांगतो. ‘ऑन द नाइट’ हा १९९३ सालचा अल्बम फ्रान्समधील नीम येथील रोमन काळच्या अ‍ॅम्फिथिएटरमध्ये आणि रॉटरडॅमच्या स्टेडियममध्ये मे १९९२ मध्ये मुद्रित झाला. त्यात वादकांचा ताफा मोठा आहे आणि पॉल फ्रँकलिनची पेडल स्टील गिटार अप्रतिम आहे, पण दोनशेहून अधिक कार्यक्रमांच्या त्या दौऱ्याचा शिणवटा मला त्यात जाणवतो. आपण तो नंतर ऐकावा. २००६ साली एमिलू हॅरिस या अमेरिकी गायिकेबरोबर निघालेला ‘रिअल लाइव्ह रोडरनिंग’ मात्र रात्री शांतपणे ऐकण्याजोगा आहे. २०२३ साली १९७८ ते १९९२ या काळातील मैफलींचा एकत्रित संचही आला असून त्यात १९७९ सालचा लंडनच्या रेनबो थिएटरमधील कार्यक्रम आहे, जो पूर्वी प्रसिद्ध झालेला नव्हता.

नॉफ्लरचा शेवटचा मोठा दौरा सप्टेंबर २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये संपला. जानेवारी २०२४ मध्ये त्याने आपल्या शंभराहून अधिक गिटारींचा लंडनमध्ये लिलाव केला आणि मिळालेल्या रकमेचा चौथा हिस्सा सेवाभावी संस्थांना दिला. नवी गाणी तो अजूनही करतो. पण आपण पुन्हा त्याच्यासमोर मैदानात उभे राहू असे मला वाटत नाही, आणि म्हणून ही मुद्रणे माझ्यासाठी पूर्वीपेक्षा मौल्यवान झाली आहेत. ‘अल्केमी’च्या अखेरीस ‘गोइंग होम’ ही ‘लोकल हीरो’ या चित्रपटासाठी त्याने रचलेली धून येते. पुढेही अनेक वर्षे त्याने कार्यक्रमाचा शेवट याच धुनेने केला. आपल्याकडे भैरवी सुरू झाली की श्रोते जसे सावरून बसतात आणि चपलांकडे वळलेली नजर पुन्हा मंचाकडे नेतात, तसे काहीसे तिच्या पहिल्या स्वरांनी होते.

आपण सुरुवात ‘अल्केमी’च्या पहिल्या भागातील शेवटच्या गाण्यापासून करावी, असे मी सुचवेन. आधी १९७८ सालची स्टुडिओतली आवृत्ती एकदा ऐका, ती विरून जाऊ द्या, लगेच ही लावा, आणि टाळ्या पूर्ण थांबेपर्यंत बंद करू नका.